रंकाळ्याची पहाटेची हवा मोजायची कुणी?

डिसेंबरातली पहाट. रंकाळ्याच्या कट्ट्यावर आमचा फिरणाऱ्यांचा कंपू कानटोप्या सावरत बसला होता. तेवढ्यात आप्पांनी स्वेटरच्या खिशातून मोबाईलपेक्षा थोडं जाड असं एक यंत्र काढलं आणि कट्ट्यावर ठेवलं. टिक... टिक-टिक... टिक. पडद्यावर आकडे हलत होते. ०.०९, ०.११, ०.०८. खाली एकक, मायक्रोसिव्हर्ट प्रतितास.

आप्पांची शिरोलीला फौंड्री आहे. भंगारातून काही भलतंसलतं भट्टीत जाऊ नये म्हणून त्यांनी हे यंत्र मागवलं होतं. येतंय का चालवायला, म्हणून सहज घरी लावलं, तर घरीही टिकटिक. गोठ्यात टिकटिक. आता रंकाळ्यावरही टिकटिक.

"मास्तर, इथं कुठनं आला किरणोत्सर्ग? इथं काय अणुभट्टी हाय व्हय?"

कंपू गप्प. शेजारच्या बाकावरचे दोघे उठून चालायला लागले. मी पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण "घाबरू नका" या दोन शब्दांपलीकडे त्या क्षणी मलाही पटकन काही सुचलं नाही. आणि "घाबरू नका" म्हटल्यावर माणूस आधी घाबरतो, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे की कोल्हापूरच्या मोकळ्या हवेतला नैसर्गिक किरणोत्सर्ग घाबरण्यासारखा नाही, पण मोजण्यासारखा नक्की आहे. तो गावानं आताच, काही घडायच्या आधी, मोजून मराठीत लिहून ठेवायला हवा.

आधी आप्पांच्या आकड्याचं बघू. सिव्हर्ट हे अंगाला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक, आणि हजार मायक्रोसिव्हर्टचा एक मिलिसिव्हर्ट. तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्ट धरलं, तर वर्षाला साधारण ०.९ मिलिसिव्हर्ट होतात. जमिनीतून आणि आकाशातून माणसाच्या अंगावर बाहेरून पडणाऱ्या नैसर्गिक किरणांची जागतिक सरासरी तेवढीच आहे. छातीचा साधा एक्स-रे काढला तर ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. छातीचा सीटी स्कॅन मात्र पाच-सात मिलिसिव्हर्टच्या घरात जातो. म्हणजे आप्पांचं यंत्र रात्रंदिवस रंकाळ्यावर टिकटिकत राहिलं, तरी एका सीटी स्कॅनची बरोबरी व्हायला त्याला सहा-सात वर्षं लागतील. आणि डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितलेला स्कॅन आपण काढतोच, काढायलाही हवा.

माणूस स्वतःही टिकटिकतो, हे सांगितल्यावर आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पहाटेचं काही घेऊन आलोय की काय. पण ते खरं आहे. आपल्या शरीरातल्या पोटॅशियमचा एक अगदी छोटा हिस्सा पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकाराचा असतो. सत्तर किलोच्या माणसात त्याचे सेकंदाला चारेक हजार अणू फुटत असतात. एका सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल, असा हा हिशोब. गंगावेशीत म्हैस डोळ्यांसमोर पिळून दिलेल्या फेसाळत्या दुधात लिटरमागे चाळीसेक बेकरेल याच पोटॅशियमचे. गुळातही पोटॅशियम आहे, केळ्यात आहे, शेंगदाण्यात आहे. दूध कट्ट्यावर आजवर कुणी आजारी पडलं असेल तर ते दोन ग्लास जास्त प्यायल्यामुळे.

पण आप्पांचं यंत्र ज्याला फारसं पकडत नाही, तीच हवेतली मुख्य गोष्ट आहे. तिचं नाव रेडॉन.

पृथ्वीच्या खडकांत आणि मातीत युरेनियम सगळीकडे आहे, अगदी चिमूटभर का होईना. ते अब्जावधी वर्षांच्या चालीनं फुटत फुटत रेडियम होतं आणि रेडियम फुटून रेडॉन. या साखळीतला वायू काय तो हाच. बाकी सगळे घन पदार्थ आपापल्या दगडात अडकून बसतात, हा मात्र मातीच्या भेगांतून वर येतो. रंग नाही, वास नाही, कुणाशी संयोग नाही. त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा, म्हणजे तेवढ्या वेळात तो निम्मा होतो. गंमत अशी की रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आत जातो तसाच बहुतांशी बाहेरही येतो. त्रास देतात ती त्याची पोरं. तो फुटला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे घन अणू तयार होतात, हवेतल्या धुळीला आणि धुराला चिकटतात, आणि त्या कणांवर बसून श्वासनलिकेत मुक्काम करतात. तिथं ते अल्फा कण सोडतात. अल्फा कण कागदानंही अडतो, पण फुप्फुसाच्या आत कागद कुठला?

माणसाला वर्षाला मिळणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीनं २.४ मिलिसिव्हर्ट धरली आहे. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा, सुमारे १.२६, हा श्वासावाटे येणारा, म्हणजे मुख्यतः रेडॉनचा. अणुभट्ट्या आणि अणुस्फोटांचा या हिशोबातला वाटा त्यापुढे नगण्य आहे. किरणोत्सर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घुमट आणि चिमण्या येतात, पायाखालची माती येत नाही.

मोकळ्या हवेत किरणोत्सर्ग आहे, हे कुणा मोठ्या प्रयोगशाळेत कळलेलं नाही. जर्मनीतल्या वोल्फेनब्युटेल या गावात एल्स्टर आणि गायटेल हे दोन शाळामास्तर होते. १९०१ मध्ये त्यांनी उघड्या हवेत एक लांब तार टांगली, तिला जबर ऋण विद्युतभार दिला आणि काही तास ठेवून दिली. मग अमोनियानं ओलसर केलेल्या चामड्यानं ती पुसली. चामड्यावर जे आलं ते किरणोत्सारी होतं. पुढच्या वर्षी सी. टी. आर. विल्सन यांनी ताज्या पावसाचं पाणी आटवलं. खाली उरलेला थर किरणोत्सारी निघाला आणि त्याची ताकद अर्ध्या तासात निम्मी झाली. तार, चामडं, पावसाचं पाणी. मास्तरमंडळींना जमेल असंच हे सगळं होतं, आणि हा मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे.

आता कोल्हापूरकडे येऊ. आपण बसलोय ते सह्याद्रीच्या काळ्या कातळावर. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ग्रॅनाईटच्या मानानं युरेनियम आणि थोरियम बरंच कमी असतं. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ याच दगडाचं. दक्षिणेकडे कर्नाटकात उतरलं की ग्रॅनाईट लागतो आणि तिथली जमीन आपल्यापेक्षा जास्त बोलकी असते. केरळच्या चवरा-करुनागपल्ली किनाऱ्यावर मोनाझाईटच्या वाळूत थोरियम इतकं आहे, की तिथल्या काही वस्त्यांना आपल्या कैकपट मात्रा मिळते. तिथं वर्षानुवर्षं हजारो लोकांची नोंद ठेवून अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात जमिनीच्या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. त्यांच्यापुढे आपली जमीन अगदीच मवाळ.

पण सगळा जिल्हा काळा कातळ नाही. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा इथल्या सड्यांवर जांभा आहे, बॉक्साईट आहे. पावसानं हजारो-लाखो वर्षं खडक धुऊन नेला, तेव्हा विरघळणारं वाहून गेलं आणि थोरियमसारखं न विरघळणारं मागे राहिलं. म्हणून जांभ्यात ते मूळ खडकापेक्षा जास्त साठलेलं असतं. किती जास्त, ते गावागणिक, सड्यागणिक वेगळं निघणार. मोजणी हवी ती यासाठी.

घरातल्या ओट्याचीही एक गंमत सांगतो. आप्पांना कुणीतरी सांगितलं, ग्रॅनाईटच्या ओट्यातून किरणं येतात. पण बाजारात "काळा ग्रॅनाईट" म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा ग्रॅनाईट नसतोच. तो असतो काळ्या लाव्ह्याच्या जातकुळीतला दगड, किरणांच्या बाबतीत गरीब. लाल-गुलाबी फरशी खरी ग्रॅनाईटची असते आणि तिच्यावर यंत्र थोडं जास्त बोलतं. थोडंच. ओटा फोडायची गरज नाही, वहिनींना सांगा.

आता पहाटेच्या हवेबद्दल थोडं कडू बोलतो, फिरणाऱ्या मित्रांनी रागावू नये. पहाटेची हवा शुद्ध, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. हिवाळ्यात ते उलटं आहे. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं. जमिनीतून निघालेला रेडॉन त्या झाकणाखाली रात्रभर साठत जातो आणि उजाडायच्या सुमारास सगळ्यात जास्त भरतो. ऊन तापलं, हवा ढवळली, की दुपारपर्यंत विरळ होतो. हे झाकण डोळ्यांनी बघायचं असेल तर हंगामात पहाटे पंचगंगेच्या काठानं गुऱ्हाळांच्या बाजूला जा. चुलवणात चिपाड धडधडत असतं, काहिलीतून वाफ उठत असते आणि धुराड्यातून निघालेला धूर वर न जाता उसाच्या शेंड्यांवर आडवा पसरलेला दिसतो, कुणी धोतर वाळत घातल्यासारखा. तो धूर जिथं अडलाय, तिथंच रेडॉनही अडलाय.

तरीही मोकळ्या हवेत रेडॉन असून असून किती असतो? जगाची सरासरी घनमीटरला दहाएक बेकरेल. पहाटे दुप्पट-तिप्पट झाला, तरी जागतिक आरोग्य संघटना ज्या आकड्यावर घरातल्या हवेकडे लक्ष द्या म्हणते, तो आकडा १०० आहे. मग पहाटे छातीत खुपतं ते काय? धूर. तो गुऱ्हाळाचा, शेकोटीचा, कचऱ्याच्या ढिगाचा, डिझेलचा. देशाच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळू शकलेल्या शहरांची यादी आहे, तिच्यात कोल्हापूरचं नाव आहे. रंकाळ्यावर त्या टिकटिकीला घाबरून उठलेले ते दोघे, त्यातला एक जण गेटाबाहेर गेल्यावर विडी पेटवत होता. मी स्वतः पाहिलं.

विडीवरून निपाणी आठवणारच. आपल्यापासून पाऊण-एक तासावर, तंबाखूचं आगर. रेडॉनच्या साखळीच्या टोकाला शिसं-२१० आणि पोलोनियम-२१० येतात. हवेतून ते तंबाखूच्या पानावर पडतात. त्या पानावर बारीक चिकट लव असते, त्यात ते अडकतात. काही भाग स्फुरदयुक्त खतांतून मातीवाटे येतो. पानं वाळली, चुरली, पेटवली, की पोलोनियम धुराबरोबर थेट फुप्फुसात. सिगारेटच्या धुरात पोलोनियम असल्याचं १९६४ साली जगापुढे आलं, त्याला आता साठ वर्षं झाली. ज्याला मोबाईलच्या मनोऱ्याची भीती वाटते आणि जो त्याच मनोऱ्याखाली विडी ओढत मोर्चाची वाट बघतो, त्याला हे सांगायचं कुणी? मनोऱ्याच्या लहरी अणू फोडत नाहीत, त्या जातीनंच वेगळ्या. शिवाय २०१२ पासून आपल्या देशानं त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा घातलेली आहे. मनोरा कुठं असावा यावर भांडा, जरूर भांडा. पण त्याला किरणोत्सर्ग म्हणू नका.

तर मग मोकळी हवा निर्धोक, विषय संपला, असं म्हणता येईल का? नाही. कारण हीच हवा आपण घरात कोंडतो. रेडॉन जमिनीच्या भेगांतून, फरशीच्या सांध्यांतून घरात शिरतो आणि खिडकी बंद असेल तर बाहेर पडायला वाट नसते. फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं महत्त्वाचं कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटना रेडॉनकडे बोट दाखवते. देशागणिक अशा कर्करोगांतले ३ ते १४ टक्के ती रेडॉनच्या खात्यावर टाकते, आणि धूम्रपान करणाऱ्याला रेडॉनचा धोका न करणाऱ्याच्या पंचवीसपट मानते. हे आकडे मुख्यतः घरातल्या हवेचे. आमच्या जुन्या घरात कौलांमधून चांदणं दिसायचं, वारं इकडून आत आणि तिकडून बाहेर. आता फ्लॅटमध्ये एसी लावला की आपण खिडकीच्या फटीला पट्टी चिकटवतो. मातीच्या भिंतीचं आणखी वेगळं. थोरियमपासून निघणारा थोरॉन हा रेडॉनचा भाऊ जेमतेम मिनिटभरात निम्मा होतो, त्यामुळे तो भिंतीपासून फार लांब जात नाही. पण भिंतीला डोकं लावून झोपणाऱ्याला ते "फार लांब" नसतं. कोल्हापूरच्या दगडाकडे पाहता बहुतेक घरांत आकडा कमीच निघेल असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणतो.

ही मोजणी अवघड नाही, महाग तर अजिबात नाही. एलआर-११५ नावाची तांबूस फिल्म मिळते. तिचा नखाएवढा तुकडा चुन्याच्या डबीसारख्या छोट्या डब्यात लावायचा आणि तीन महिने खोलीत टांगून ठेवायचा. अल्फा कण आदळला की फिल्मवर डोळ्याला न दिसणारी इजा होते. मग ती कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात, साठ अंशांवर, दीड तास ठेवायची. इजा झालेल्या जागी बारीक भोकं उघडतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. वीज नाही, आवाज नाही. आपल्या देशातले रेडॉनचे कितीतरी अभ्यास याच फिल्मवर झाले आहेत आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानं त्यासाठी डबेही तयार केले आहेत. जिल्ह्यात शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, विज्ञानाची महाविद्यालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत. बीएस्सीच्या पोरांना दरवर्षी तोच लंबक आणि तीच भिंगं देण्यापेक्षा प्रत्येकाला दोन डबे द्या. एक घरात टांगेल, एक घराबाहेर. चंदगडपासून शिरोळपर्यंतचा नकाशा दोन वर्षांत होईल. वोल्फेनब्युटेलच्या मास्तरांकडे याहून कमी साधनं होती.

यावर एक आक्षेप ठरलेला. एका बैठकीत एका साहेबांनी मला तो अगदी प्रेमानं ऐकवला. म्हणाले, "सर, आकडा दिला की लोक बिथरतात. जे सुखात आहेत त्यांना उगाच कशाला बिथरवायचं?" मला हा विचार लोकांचा अपमान करणारा वाटतो. पंचगंगेच्या पुराची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटा-इंचांत मोजली जाते. शहरातलं शेंबडं पोरही सांगतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. त्या आकड्यानं कुणी बिथरत नाही. उलट माणसं जनावरं कधी हलवायची ते त्यावरून ठरवतात. कारण त्या आकड्याला मोजपट्टी आहे, कमी काय नि जास्त काय हे पिढ्यांना ठाऊक आहे. किरणोत्सर्गाच्या आकड्याला आपल्याकडे अशी पट्टी नाही, म्हणून ०.०९ पाहून माणसं बाक सोडून पळतात. पट्टी तयार करायची तर आधी वर्षानुवर्षांची नोंद हवी.

या नोंदीची गरज आणखी एका कारणासाठी आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घाटाखाली राजापूर तालुक्यात जैतापूरला सहा अणुभट्ट्यांचा प्रकल्प ठरलेला आहे, एकूण सुमारे दहा हजार मेगावॉटचा. इथून सरळ रेषेत तो शंभरेक किलोमीटर भरेल. पावसाळ्यात वारं तिकडून इकडे. तो व्हावा की नाही, हा वाद मोठा आहे आणि आमच्या कंपूतही दोन तट आहेत. पण समर्थक असो की विरोधक, उद्या प्रकल्प उभा राहिला आणि एखाद्या दिवशी कुणी म्हणालं "हवेत किरणं वाढली", तर काय दाखवणार? वाढली म्हणणाऱ्याकडे आधीचा आकडा नाही, नाही वाढली म्हणणाऱ्याकडेही नाही. मग ज्याचा आवाज मोठा तो जिंकणार. सरकारी यंत्रणेची देशभर मोजणी केंद्रं आहेत, ती असावीतच. पण प्रकल्प चालवणारं सरकार आणि मोजणारंही सरकारच, यावर विरोधकाचा विश्वास बसत नाही, आणि त्यात त्याची चूक आहे असं मला वाटत नाही. गावानं स्वतः, आधीपासून, कुणाची बाजू न घेता मोजलेला आकडा दोघांनाही नाकारता येणार नाही.

फौंड्रीवाल्यांचं हित तर याहून जवळचं. २००८ मध्ये फ्रान्सला गेलेल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. ते पोलाद भारतातून गेलेलं होतं, कुठल्यातरी भंगारात कोबाल्टचा स्रोत वितळला होता. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगार बाजारात आलेलं जुनं यंत्र फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर सगळं भंगारावर तर चालतं. गेटावर यंत्र लावायचं तर नेहमीचा आकडा किती, हे माहीत नको? ते माहीत नसेल तर एक तर प्रत्येक ट्रकला ओरड, नाहीतर कुठल्याच ट्रकला नाही.

पावसाचंही असंच. जूनमध्ये पहिली मोठी सर आली त्या दिवशी आप्पांचा फोन आला. आवाज चढलेला. "मास्तर, आकडा वर चाललाय. घाटाखालनं काय आलं का?" मी विचारलं, पाऊस कधी सुरू झाला? "आत्ताच की, वीस मिनिटं झाली." हवेत लोंबकळणारी रेडॉनची पोरं, ते शिसं आणि बिस्मथ, पाऊस धुऊन जमिनीवर आणतो. म्हणून सरीबरोबर यंत्र थोडं वर जातं आणि पाऊस थांबला की तास-दोन तासांत जागेवर येतं. विल्सनच्या भांड्यातलंच ते. पुढे पाऊस नीट लागला की उलट होतं. वारं समुद्रावरून येतं, समुद्रातून रेडॉन जवळजवळ निघत नाही आणि भिजलेली मातीही त्याला वर सोडत नाही. गगनबावड्याच्या आषाढातल्या हवेइतकी रेडॉनला पारखी हवा जिल्ह्यात दुसरी नसेल. मी आप्पांना म्हटलं, चहा घ्या, सर थांबल्यावर तासाभरानं बघा.

दीड तासानं पुन्हा फोन. "आला की खाली." मग थोडं थांबून, "हे कुठंतरी लिहून ठेवायला पायजे न्हाई?"

परवा त्यांच्या फौंड्रीत गेलो होतो. मेल्टिंगच्या रजिस्टरची मागची पानं त्यांनी पट्टीनं आखून घेतली आहेत. तारीख, सकाळी सहा, दुपारी तीन, पाऊस होता की नव्हता. जुलैची पानं भरलेली आहेत, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं आहे, आणि एका रविवारी रकाना कोरा आहे. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती.